पेपर झाला, उत्तरं जुळेनात

बारावीचा रसायनशास्त्राचा पेपर झाला आणि या सदराच्या टपालात दुसरा विषयच उरला नाही. ज्यांचे पुढचे पेपर बाकी होते त्यांना संपादकांमार्फत लगेच उत्तरं कळवली. इथे त्यांतली पाच पत्रं थोडी सविस्तर घेते. नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी बारावी सायन्सला आहे, धनकवडीला राहते. केमिस्ट्रीचा पेपर लांबलचक होता, पण मी पूर्ण सोडवला होता. बाहेर आल्यावर आम्ही सहाजणी रसवंतीच्या बाकांवर बसलो आणि उत्तरं मिळवायला लागलो. एक गणित होतं : फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शन, हाफ-लाइफ २० मिनिटं, ७५ टक्के रिअ‍ॅक्शन पूर्ण व्हायला किती वेळ लागेल? माझं उत्तर ४०.०२ मिनिटं, एकीचं ४०, एकीचं ३०. जिचं ३० आलं ती वर्गात पहिली असते, म्हणून आम्ही दोघी गप्पच बसलो. मग हेक्साफ्लुओरोकोबाल्टेटचं हायब्रिडायझेशन निघालं. मी एस पी थ्री डी टू लिहिलं होतं, बाकीच्यांपैकी चौघींनी डी टू एस पी थ्री. रात्री ग्रुपवर एका क्लासची उत्तरं आली. ती बघून मी बेरीज केली, ७० पैकी ४१ झाले. परत केली तर ३८. तिसऱ्यांदा ४४. परवा गणिताचा पेपर आहे आणि मी पुस्तक उघडून नुसती बसते. मॅडम, मला नक्की किती मिळतील?

उत्तर : आधी दोन्ही प्रश्न निकालात काढू, म्हणजे तुला बाकीचं ऐकू येईल.

तुझं ४०.०२ बरोबर आहे आणि मैत्रिणीचं ४० सुद्धा बरोबर आहे. तू ०.६९३ ला २० ने भागून के, म्हणजे वेगाचा स्थिरांक, काढलास, ०.०३४६५ प्रतिमिनिट. मग २.३०३ गुणिले लॉग ४, म्हणजे २.३०३ गुणिले ०.६०२१, भागिले के. उत्तर ४०.०२. मैत्रिणीने लॉग टेबल उघडलंच नाही. पहिल्या २० मिनिटांत निम्मं संपलं, पुढच्या २० मिनिटांत उरलेल्याचं निम्मं संपलं, झाले ७५ टक्के. तुमच्या उत्तरांत जो ०.०२ चा फरक दिसतो तो २.३०३ आणि ०.६९३ या आकड्यांची दशांशस्थळं तोडल्यामुळे आलेला आहे. कोणताही परीक्षक त्यासाठी गुण कापत नाही. ३० हे उत्तर झीरो ऑर्डर रिअ‍ॅक्शनचं आहे. तिथे वेग बदलत नाही, २० मिनिटांत ५० टक्के तर ३० मिनिटांत ७५. तुझ्या मैत्रिणीने घाईत तो हिशेब इथे लावला. तिने के काढून ठेवला असेल तर तेवढ्या पायरीचे गुण तिलाही मिळतील, हे तिला जरूर सांग, कारण ती हे वाचून घाबरेल.

आता कोबाल्ट. या आयनात कोबाल्ट अधिक तीन अवस्थेत आहे, थ्री डी मध्ये सहा इलेक्ट्रॉन. फ्लुओराइड हा दुर्बळ लिगंड (लिगंड म्हणजे मधल्या धातूला जोडलेला आयन किंवा रेणू), तो इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लावू शकत नाही. आतली डी ऑर्बिटल्स मोकळी होत नाहीत, म्हणून बाहेरची फोर डी वापरावी लागतात. एस पी थ्री डी टू, चार एकटे इलेक्ट्रॉन, पॅरामॅग्नेटिक. तू लिहिलंस तेच. चौघींना जे आठवत होतं ते अमोनियाच्या कॉम्प्लेक्सचं. दोन्ही उदाहरणं एकापाठोपाठ शिकवली जातात, परीक्षेत हमखास अदलाबदल होते.

म्हणजे ज्या दोन उत्तरांनी तुझ्या दोन रात्री खाल्ल्या ती दोन्ही बरोबर होती. रसवंतीवर तुम्ही उत्तर तपासलंच नव्हतं, डोकी मोजली होती. एका ठिकाणी पहिल्या नंबरचं वजन पडलं, दुसऱ्या ठिकाणी चार विरुद्ध एक झालं. त्या क्षणी कोणाजवळ पुस्तक नव्हतं, लॉग टेबल नव्हतं, आणि तीन तास लिहून सगळ्यांची बोटं आणि डोकी शिणलेली होती. तिथे जी खात्रीने बोलते तिचं उत्तर बरोबर ठरतं. मी हे दरवर्षी वर्गात पाहत आले. शांत मुली स्वतःचं बरोबर उत्तर मनातल्या मनात खोडून घरी जातात.

तू बेरीज तीनदा केलीस आणि ती तीनदा वेगळी आली, त्याचंही कारण सांगते. तुमच्या पेपरची रचना आठव. दहा बहुपर्यायी, आठ एका गुणाचे. पुढे दोन गुणांचे बारा प्रश्न, त्यांतले कोणतेही आठ. तीन गुणांचे बारा, त्यांतलेही आठ. चार गुणांचे पाच, त्यांतले तीन. सोडवायचे ७० गुणांचे, पण छापलेले प्रश्न होतात ९८ गुणांचे. क्लासवाले सगळ्या ९८ गुणांची उत्तरं टाकतात. ती वाचताना जे २८ गुणांचे प्रश्न तू विचारपूर्वक सोडले होतेस तेही समोर येतात, आणि प्रत्येक ठिकाणी ‘हे मला येत नव्हतं’ असं वाटत राहतं. ते तुझ्या गुणांत धरलेच जाणार नाहीत. शिवाय सहाजणींनी सहा वेगळे आठ प्रश्न निवडले असणार. मग जुळायचं काय आणि कसं?

त्यात तू शेवटचं उत्तर चुकलं की पूर्ण प्रश्न शून्य धरतेस. मी अनेक वर्षं बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासल्या. परीक्षकाच्या हातात नमुना उत्तरं असतात आणि त्यांत पायरीपायरीला गुण फोडून दिलेले असतात, अर्ध्या गुणापर्यंत. सूत्र लिहिलं, किमती नीट घातल्या, मग शेवटी लॉगची बेरीज चुकली, तर आधीचे गुण मुलाचेच असतात. उलट उत्तर बरोबर पण एकक नाही, तर तिथे थोडं जातं. उत्तराचा आकडा तेवढा सांगून दोन मुलींना एकमेकींचे गुण कळू शकत नाहीत, कारण परीक्षक बघतो ती मधली ओळ दोघींनाही आता आठवत नसते.

तेव्हा ‘नक्की किती’ याचं उत्तर मला देता येणार नाही. तुझ्या पत्रावरून एवढं दिसतं की तुला पाया येतो. आणि शंभरांतले तीस गुण प्रॅक्टिकल-अंतर्गतचे आहेत, ते केव्हाच होऊन गेले.

आता परवाचं. प्रश्नपत्रिका आजीकडे किंवा बाबांकडे दे आणि शेवटचा पेपर होईपर्यंत परत मागू नकोस. ग्रुप म्यूट कर. एका कागदावर फक्त धड्यांची नावं लिही, जिथे अडखळलीस ते. तो कागद सीईटीच्या वेळी उपयोगी पडेल. सीईटीत केमिस्ट्रीचे ५० प्रश्न असतात, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि बराचसा भाग बारावीचाच असतो. अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी त्याच परीक्षेवर लागते. बारावीच्या संबंधित तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. तुला वाटतं तेवढं काही निसटलेलं नाही.

गणिताचं पुस्तक उघडून नुसतं बसणं होतं, कारण तू सगळ्यात अवघड पान उघडतेस. आज संध्याकाळी इंटिग्रेशनची जी गणितं तुला झोपेत येतात ती चार सोडव. हात चालू लागला की डोकं मागून येतं. नवीन काही घेऊ नकोस, आणि अकराला दिवा बंद.

मैत्रिणींबरोबर बसणं सोडू नकोस. तीन तास एकटीने लिहिल्यावर कोणाशी तरी बोलावंसं वाटणारच, आणि ते बोलायलाच हवं. लांब वाटला का, वेळ पुरला का, पर्यवेक्षकांनी पुरवणी द्यायला उशीर केला का, यावर हवं तितकं बोला. उत्तराचा आकडा आला की विषय बदलायचा, एवढं सहाजणींनी आधीच ठरवून टाका.

प्रश्न : मी हडपसरचा. पेपर झाल्यावर मित्रांशी बोलताना कळलं, की बहुपर्यायी प्रश्नांत पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं असतं. मी काही ठिकाणी नुसतं अक्षर लिहिलंय. दोन ठिकाणी आधी लिहिलेलं खोडून नवीन लिहिलंय. माझे सगळे गुण जातील का?

उत्तर : खोटा दिलासा देत नाही. प्रश्नपत्रिकेच्या पहिल्याच पानावर सूचना असते : अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहिणं बंधनकारक, फक्त एक लिहिल्यास गुण नाहीत, आणि पहिलाच प्रयत्न ग्राह्य. त्यामुळे जिथे नुसतं अक्षर आहे तो गुण गेला असं धरून चाल. पण तो एकेक गुणच आहे, आणि पूर्ण प्रश्न दहाचा. तू ‘काही ठिकाणी’ म्हणतोस, म्हणजे उरलेले शाबूत आहेत.

हे तुला आज कळलं हे मात्र फार बरं झालं. गणिताच्या पेपरात बहुपर्यायी आठच असतात, पण प्रत्येकी दोन गुणांचे, म्हणजे १६ गुण. सूचना तीच. तिथे प्रत्येक उत्तर अक्षरासकट पूर्ण लिही. खोडाखोड टाळायची असेल तर आधी मागच्या पानावर कच्चं काम कर आणि मगच उतरव. तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना हे सांग. ही एक गोष्ट मित्रांनी पेपरनंतर जरूर बोलावी, कारण तिचा पुढच्या पेपरला उपयोग आहे.

प्रश्न : माझा मुलगा बारावीला आहे. आम्ही सिंहगड रोडला राहतो. केमिस्ट्रीच्या पेपरहून तो आला तेव्हा मी त्याला जेवायला वाढलं आणि प्रश्नपत्रिका घेऊन शेजारी बसले. मी स्वतः बी.एस्सी. आहे. एकेक प्रश्न विचारत होते. सातव्या-आठव्या प्रश्नाला तो ताट तसंच टाकून उठला आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून धड बोलत नाही. त्याचा मामेभाऊ मागच्या वर्षी ९५ टक्क्यांनी पास झाला, तो विषयही घरात निघतो. मी काळजीपोटीच विचारत होते. आता काय करू?

उत्तर : ताई, तुमची काळजी मला कळते. तुम्हाला विषय येतो, म्हणून तर तुमचा हात आपसूक प्रश्नपत्रिकेकडे गेला. पण त्याच्या बाजूने बघा. तीन तास त्याने परीक्षा दिली, बाहेर मित्रांनी दुसऱ्यांदा घेतली, आणि घरी ताटावर तिसऱ्यांदा सुरू झाली. तिसरी सर्वांत जड गेली, कारण ती आईने घेतली.

आज त्याच्या दारावर टकटक करा आणि एकच वाक्य बोला : ‘पेपरचं मी परत विचारणार नाही, जेवायला ये.’ आणि खरंच विचारू नका. निकालापर्यंत नाही. त्याला स्वतःहून सांगावंसं वाटलं तर ऐका, पण ‘अरे, मग हे कसं चुकलं?’ हे वाक्य गिळा. तुम्ही बी.एस्सी. आहात, म्हणून तुम्हाला ते जास्त अवघड जाईल. मलाही माझ्या घरच्या मुलांशी बोलताना तोंडावर आलेलं उत्तर मागे घ्यावं लागायचं.

मामेभावाचा विषय तुम्हीच बंद करा. घरातली मोठी माणसं ऐकत नसतील तर सरळ सांगा, की परीक्षा संपेपर्यंत या घरात कोणाचे टक्के निघणार नाहीत. हे मुलासमोर सांगा. आई आपल्या बाजूने उभी आहे हे त्याला ऐकू येऊ दे.

पुढच्या पेपरच्या दिवशी शक्य असेल तर आणायला कोणीतरी जा. सिंहगड रोडच्या गर्दीत तो एकटा अर्धा तास अडकला की डोक्यात तेच चक्र फिरत राहतं. गाडीवर मागे बसवा आणि त्याला आवडतं ते खायला घाला. भूक, उष्मा आणि जागरण या तीन गोष्टी मार्चमधल्या मुलाच्या मनावर फार परिणाम करतात. आपण मात्र गुणांचीच चर्चा करतो.

आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगते. मुलगा दोन-तीन दिवसांत हळूहळू सैल झाला, चिडला तरी बोलायला लागला, तर काळजी नको. पण जेवण-झोप पार सुटली, ‘माझा काही उपयोग नाही’, ‘मी नसलो तर बरं’ अशी भाषा आली, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, तर ‘परीक्षेचं टेन्शन आहे’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, त्याला एकटं ठेवू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क बोलता येतं. मुलाने फोन करायला हवा असं नाही, आईवडीलही करू शकतात. हा क्रमांक फ्रिजवर लावून ठेवा. तुमच्या घरी लागला नाही तर उत्तमच, शेजारच्या घराला लागेल.

प्रश्न : मी भोर तालुक्यातला, पुण्यात हॉस्टेलवर राहून शिकतो. मला केमिस्ट्रीतच पुढे जायचं होतं. पेपरात कॅनिझारो रिअ‍ॅक्शन आली आणि मी अ‍ॅसिटाल्डिहाइड घेऊन लिहिली. बाहेर आल्यावर सगळे हसले. आमच्या ओळखीचे एक सर म्हणाले, ज्याला कॅनिझारो येत नाही त्याने केमिस्ट्रीच्या नादी लागू नये. मी विचार बदलू का?

उत्तर : नाही. एका रिअ‍ॅक्शनवरून कोणी हे ठरवू नये, आणि विद्यार्थ्याला तर असं बोलूच नये. मला ते वाचून फार वाईट वाटलं.

तुझी चूक कुठे झाली ते बघू, कारण ती चूक चांगल्या जातीची आहे. कॅनिझारोला असा अल्डिहाइड लागतो ज्याच्यात अल्फा हायड्रोजन, म्हणजे अल्डिहाइड गटाशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन, नाही. फॉर्माल्डिहाइड घे किंवा बेंझाल्डिहाइड. संहत अल्कलीत त्याच्या एका रेणूचं ऑक्सिडेशन होतं, दुसऱ्याचं रिडक्शन. एकाचं आम्ल, म्हणजे त्याचा क्षार, आणि दुसऱ्याचं अल्कोहोल. अ‍ॅसिटाल्डिहाइडमध्ये अल्फा हायड्रोजन तीन आहेत, त्यामुळे अल्कली आधी त्यांनाच हात घालते आणि गाडी अल्डॉल या दुसऱ्याच रिअ‍ॅक्शनकडे वळते, त्यासाठी सौम्य अल्कलीही पुरते. तुला दोन्ही रिअ‍ॅक्शन माहीत होत्या. निवड कशावरून करायची तो एक धागा सुटला. आता तो तुला जन्मात सुटणार नाही. चुकीच्या अल्डिहाइडने जे पक्कं होतं ते पाठ करून होत नाही, हे मी शेकडो मुलांत पाहिलं आहे.

केमिस्ट्रीत जायचं तर केमिस्ट्री जिथे घडते ते बघ. तू पुण्यात आहेस, हे तुझं भाग्य. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५० पासून. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे विद्यार्थ्यांसाठी दारं उघडतात. बोर्डाच्या परीक्षेमुळे बारावीच्या मुलांना नेमकं तेव्हाच जाता येत नाही, पण पुढच्या वर्षी जा. प्रयोगशाळेत काम करणारी माणसं दिवसभर काय करतात ते विचार. बहुतेक वेळ ‘हे असं का नाही झालं?’ यावर जातो. जवळच आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था आहे. तिथे प्रवेशाला त्यांची स्वतःची परीक्षा असते, भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र, प्रत्येकी १५ प्रश्न. बी.एस्सी.चा रस्ताही मोकळा आहे. पुण्यातल्या कॉलेजांचे प्रवेशाचे नियम वेगवेगळे असतात, ते निकालाआधीच बघून ठेव. गावाकडून येऊन धावपळ करणाऱ्या मुलांची तिथेच गल्लत होते, फॉर्मची तारीख निघून गेल्यावर कळतं.

परीक्षा संपली की अप्पा बळवंत चौकात जा आणि सेंद्रिय रसायनाचं एक जुनं, पदवीच्या पहिल्या वर्षाचं पुस्तक घे. अल्डिहाइडचा धडा परीक्षेशिवाय वाच. तो वाचताना रात्रीचे किती वाजले याचं भान राहिलं नाही तर समज तू योग्य दिशेला आहेस. आणि मला लिही.

प्रश्न : निकालात कमी गुण आले तर पेपर परत तपासून घेता येतो ना? मित्र म्हणतात, काही उपयोग नसतो. शिवाय एका प्रश्नात चूक होती असं ग्रुपवर फिरतंय. (बारावी, पिंपरी)

उत्तर : घेता येतो. मंडळाच्या संकेतस्थळावरून अर्ज करायचा, मुदत आणि शुल्क निकालाच्या प्रकटनात दिलेलं असतं. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मुलं त्या एकच समजतात. गुणपडताळणीत बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहून गेलं का एवढंच बघतात. उत्तर पुन्हा वाचून घ्यायचं असेल तर पुनर्मूल्यांकन, आणि त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावीच लागते. छायाप्रत मिळाल्यावर पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला कामकाजाचे पाचच दिवस असतात, म्हणून ती हाती आली की त्याच दिवशी आपल्या विषयशिक्षकांकडे ने. पायरीचे गुण सुटलेत का हे त्यांना दहा मिनिटांत दिसतं. त्यांनी ‘हो’ म्हटलं तर अर्ज कर, ‘नाही’ म्हटलं तर पैसे वाचव.

प्रश्नातल्या चुकीबद्दल : तपासणीच्या आधी मुख्य नियामकांची सभा होते आणि नमुना उत्तरं तिथे नक्की होतात. प्रश्न खरंच सदोष असेल तर निर्णय तिथे होतो. २०२३ साली इंग्रजीच्या पेपरात छपाईचा घोळ झाला होता, तेव्हा मंडळाने काही अटींवर त्या भागाचे सहा गुण दिले होते. तुमच्या शंकेचा प्रश्न असेल तर कॉलेजातल्या सरांना लेखी द्या, ते पुढे कळवतील. ग्रुपवर फिरवून ते कोणाकडेच पोचत नाही.